ठाण्याची नोकरी आणि पस्तीसपट लहान जीप

प्रश्न एका नव्या फौजदाराचा आहे. नाशिकहून ट्रेनिंग संपवून बाहेर पडल्याला दीड वर्ष झालंय, तालुक्याच्या ठाण्यात नेमणूक, राहायला पोलीस लाईनमधल्या दोन खोल्या. कॉलेजात असताना प्लॅस्टिकच्या किटमधून दोन विमानं जोडली होती, ते पुन्हा सुरू करावंसं वाटतंय. विचारलंय ते असं : वेळ कुठून काढायचा, सामान काय घ्यायचं, बदली झाली की मॉडेलं न्यायची कशी, साहेब लोक हसणार नाहीत ना, आणि पुढेमागे कुणी विकत मागितलं तर द्यावं का.

मी निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या काळात साठेक मॉडेलं पुरी केली, अर्धवट किती टाकली ते मोजलेलं नाही. नाशिकला आम्ही परेडला उभे असताना ओझरच्या बाजूनं मिग यायचे. उस्ताद ‘सामने देख’ म्हणून ओरडायचा आणि माझी नजर वर. त्याबद्दल मैदानाच्या फेऱ्याही मारल्यात. पहिलं मॉडेल मिग-२१ चंच केलं, १/७२ मापाचं, वितीएवढं. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, फेव्हिक्विकनं चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी काच मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला खऱ्या मिग-२१ ना निरोप दिला तेव्हा मी ते आंधळं विमान कपाटातून काढून टेबलावर ठेवलं होतं.

आधी वेळेचं. ‘रोज एक तास काढा’ असं सांगणारा माणूस पोलिसात नव्हता, असं खुशाल समजा. गणपतीचे दहा दिवस, पाठोपाठ नवरात्र, निवडणूक लागली तर दीड महिना, आणि कुठं दोन गटांत दगड पडला की साप्ताहिक सुट्टी गेलीच. पहिली तीन-चार वर्षं मी वेळापत्रक करून पाहिलं. ते मोडायचं, आणि मोडलं की चिडचिड घरच्यांवर निघायची. मग उलटीकडून विचार केला. टेबलाशी बसायला कधी मिळेल हे मला ठरवता येत नाही, पण फोन आला तर टेबलावरून किती मिनिटांत उठता येईल हे मात्र ठरवता येतं. तेव्हापासून मॉडेलचं प्रत्येक काम मी दोन खात्यांत टाकतो : मध्येच सोडून उठता येणारं आणि न येणारं. बाकी सगळं मी या एका गोष्टीवरून ठरवलं, किट कुठलं घ्यायचं तेसुद्धा.

उठता येणारी कामं भरपूर आहेत. स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या, चौकटीवरून भाग कापून काढणं, कापल्याची गाठ तासणं, सांध्याची शिवण पॉलिश पेपरनं घासणं, चाकं, एक्झॉस्ट, सीट असले बारके भाग ब्रशनं रंगवणं. पातळ सिमेंटनं, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या पाण्यासारख्या गोंदानं, दोन भाग जोडणंही यातच येतं. ते भाग आधी एकमेकांना टेकवून धरायचे, कुंचला नुसता फटीला लावायचा, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. दहा सेकंदांचं काम. रात्रपाळीहून आल्यावर झोप लागेपर्यंतची वीस मिनिटं, कोर्टात तारीख लवकर आटोपली तर जेवणाआधीची अर्धी घटका, यात हे बसतं.

न उठता येणारी कामं थोडीच आहेत, पण मॉडेल बिघडतं ते तिथंच. एअरब्रशमध्ये, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनात, रंग भरलात आणि एसपी ऑफिसचा फोन आला तर परत येईपर्यंत नोझलमध्ये सिमेंट झालेलं असतं. मग तो खोलून सुईनं कोरत बसा. डेकल, म्हणजे खुणा-आकड्यांचं पातळ चित्र, पाण्यात टाकलं की ते कागदावरून सुटतं. जास्त वेळ राहिलं तर मागचा गोंद धुऊन जातो आणि ते गुंडाळी करून बसतं. ऑइल रंगाचा वॉश, म्हणजे खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावायचा पातळ रंग, फिरवला की अर्ध्या तासाच्या आसपास जादा रंग पुसून घ्यायला हवा. एम-सील मळलं की ते कुणाची वाट पाहत नाही. विमानाचे पंख बसवताना कोन दोन्हीकडे सारखा धरून वाळेपर्यंत नजर ठेवावी लागते. ही कामं मी ठाण्यात दुसरा अधिकारी हजर आहे, चार्ज त्याच्याकडे आहे आणि आठवड्यात मोठा बंदोबस्त नाही असं बघूनच काढायचो. महिन्यात असे दोन दिवस मिळाले तरी पुरतात, बाकीची तयारी झालेली असली तर.

आता यातलं आपल्या लोकांना चांगलं जमेल असं एक. मुद्देमाल जसा पाकिटात घालून, लेबल लावून, सही करून ठेवतो, तसेच किटचे भाग ठेवा. झिपच्या छोट्या पिशव्या घ्या, एका जोडणीचे भाग एका पिशवीत, आत चिठ्ठी : कुठल्या पायरीचे, काय राहिलंय. कापलेले सुटे भाग टेबलावर उघडे ठेवू नका. पंधरा दिवसांच्या बंदोबस्तावरून परत याल तेव्हा टेबल कुणीतरी आवरलेलं असेल, आणि आवरणाऱ्याला दोष देता येणार नाही.

आणि स्टेशन डायरीसारखी नोंद ठेवा. मी शंभर पानी वही ठेवतो. उठताना एकच ओळ, पण ती लिहिल्याशिवाय दिवा बंद करायचा नाही. एक जुनी नोंद अशी आहे : ‘२२ ऑगस्ट. डावी कड घासून झाली, उजवी बाकी. निळा : ६ थेंब निळा, २ काळा, १ पांढरा. आतला जॅक अजून लावलेला नाही, बॉडी बंद करू नये.’ त्यानंतर गणपती, मग एका खुनाचा तपास. पुढची नोंद १९ नोव्हेंबरची. ते ‘बॉडी बंद करू नये’ नसतं तर मी नक्की बंद केली असती. रंगाचे थेंब तर हमखास लिहावेत. तीन महिन्यांनी तीच छटा डोळ्यांनी जुळवणं जवळपास अशक्य असतं.

इथं थोडं थांबून एक सांगतो, कारण या छंदानं ताण पळून जातो असं फार ऐकायला मिळतं. माझा अनुभव तसा सरळ नाही. एका अपघातात लहान मूल गेलं होतं, इन्क्वेस्ट पंचनामा मी केला. रात्री दोनला घरी आलो, झोप येईना, म्हणून टेबलाशी बसलो आणि ब्लेड हातात घेतलं. हात थरथरतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही. ब्लेड सटकून डाव्या अंगठ्यात गेलं, तीन टाके पडले. तेव्हापासून तसल्या रात्री मी धारेच्या वस्तूला हात लावत नाही. फार तर नव्या किटची चौकट साबणाच्या कोमट पाण्यात धुतो. साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा घालवायला ते तसंही करावं लागतं. बऱ्या दिवशी मॉडेल बरं वाटतं, वाईट दिवशी ते औषध होत नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर टेबलाशी न बसता डॉक्टरकडे जा, आणि हे मी एरवी बंदोबस्तात ताप अंगावर काढणारा माणूस सांगतोय.

सामान. सुरुवातीला महागडा संच मागवू नका. स्प्रू कापायला एक चांगली निपर मात्र पैसे टाकून घ्या, इलेक्ट्रिशियनची पक्कड प्लॅस्टिक चेपते आणि भागावर पांढरा डाग सोडते. चाकूऐवजी मेडिकलच्या दुकानातून सर्जिकल ब्लेड आणा, ११ नंबरचं, त्याला ३ नंबरचं हँडल. पॉलिश पेपर हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. ४०० नंबरपासून २००० नंबरपर्यंतचे तुकडे घ्या, आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा आणि पाणी लावून घासा. कोरडं घासलं की भुकटी नाकात जाते. धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे. कॅनॉपी आणि काचा फेव्हिकॉलनं लावा, वाळला की पारदर्शक होतो आणि धुरकट करत नाही. माझ्या पहिल्या मिगचा धडा तोच. मोठी फट एम-सीलनं भरते, बोट ओलं करून चोपडं करायचं. केसाएवढ्या फटीला फेव्हिक्विकमध्ये चिमूटभर टाल्कम पावडर. ती मात्र त्याच दिवशी घासा, नंतर दगड होतो. बाहेरून मागवायचं ते एवढंच : मॉडेलचं पातळ सिमेंट आणि चार-सहा रंग.

एअरब्रश पहिली पाच मॉडेलं तरी घेऊ नका. एक तर तो न उठता येणाऱ्या खात्यातला, दुसरं म्हणजे लाईनमध्ये रात्री अकराला कॉम्प्रेसर सुरू केलात की शेजारच्या हवालदाराच्या पोरांची झोपमोड होणार. ॲक्रिलिक रंग पातळ करून ब्रशनं तीन-चार हात दिले, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, तर बघणाऱ्याला कळतही नाही. पुढे घ्यालच तेव्हा ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश आणि टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्या. रंग दुधाइतका पातळ, दाब पंधरा-वीस पीएसआय, खिडकी उघडी आणि तोंडाला रसायनाच्या वाफा अडवणारा मास्क. कोविडचा कापडी मास्क इथं कामाचा नाही.

मापांचं थोडं समजून घ्या, कारण दोन खोल्यांत राहणाऱ्याला तोच मुख्य खर्च, जागेचा. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. १/४८ मध्ये एक फूट पाव इंचात बसतो. ही दोन्ही इंच-फुटांच्या हिशोबातून आलेली. रणगाड्यांचं १/३५ मात्र तसं हिशोबी नाही. जपानच्या तामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला, आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा मोठा केला, आणि मोजलं तर माप पस्तिसाच्या आसपास भरलं. पुढे सगळी दुनिया त्याच मापावर गेली. बॅटरीच्या आकारानं आख्ख्या छंदाचं माप ठरवलं, ही गोष्ट मला अजून गमतीची वाटते.

जहाजं आवडत असतील तर १/७००. आपली पहिली विक्रांत ७०० फूट लांब होती, म्हणजे या मापात बरोबर एक फूट. मुंबईत नांगरलेली असताना मी ती आतून पाहिली होती, २०१४ मध्ये ती तोडायला घेतली. स्टायरीन प्लॅस्टिकच्या शीटमधून मी तिची एक प्रत केली आहे. सुबक नाही, पण फूटपट्टी शेजारी ठेवली की दोघी जुळतात.

आता पहिलं किट. तुम्हाला विमानाची सवय आहे, तरी माझा सल्ला लष्करी गाडी किंवा रणगाडा घ्या. विमानाला काच असते, पंखांचा कोन असतो, भरपूर डेकलं असतात, आणि पुढून मागेपर्यंत एक लांब शिवण जी जराशी राहिली तरी दिसते. रणगाडा वाकडा जोडला गेला तरी चिखल लावला की भागतं. डझनावारी चाकं घासणं कंटाळवाणं आहे खरं, पण ते कधीही सोडून उठता येतं आणि आपल्याला तेच हवंय. साखळ्या एकेक कडी जोडायच्या नकोत, अखंड पट्ट्यांच्या असाव्यात. विमानच हवं असेल तर १/७२ चं एका इंजिनाचं घ्या, पण चंदेरी धातूचा रंग असलेलं नको, त्याच्यावर बोटाचा ठसासुद्धा दिसतो आणि ठशांचं काम आपल्याला ठाण्यात पुरेसं असतं. दुपंखी नको, त्याच्या ताणाच्या दोऱ्या लावताना लग्न मोडेल. आणखी एक फसवणूक होते ती अशी की डबा नवा, चित्र नवं, आतला साचा चाळीस-पन्नास वर्षांचा. घेण्याआधी साचा कुठल्या सालचा आहे ते शोधा. जुन्या साच्यात पत्र्यांच्या सांध्याच्या रेषा खोदलेल्या नसून वर उठलेल्या असतात, घासताना त्या पुसून जातात.

किमतीबद्दल तक्रार कराल तर हक्काची आहे. जकातीच्या वर्गवारीत मॉडेल किट खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतं. त्यावरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर नेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. देशी खेळण्यांना संरक्षण द्यायचं होतं, ते ठीकच. पण १/३५ चा रणगाडा इथं कोण बनवतो? रंग तर ज्वलनशील म्हणून विमानानं पाठवायलाच लोक तयार होत नाहीत. म्हणून म्हणतो, एका वेळी एक किट. ते संपल्यावर दुसरं. मी स्वतः हे कधी पाळलेलं नाही, आणि कपाटावरचे न उघडलेले डबे मोजून बायको दर दिवाळीला मला आकडा सांगते.

साहेब हसतील का? काही हसतील. ‘काय रे, खेळणी खेळतोस का’ हे मी तीन वेगवेगळ्या साहेबांकडून ऐकलं. पण या दोन गोष्टी एकमेकांपासून फार लांब नाहीत. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९४० च्या दशकात संशयास्पद मृत्यूंच्या घटनास्थळांची बाहुलीच्या घरासारखी मॉडेलं करून घेतली, एक इंचाला एक फूट, म्हणजे १/१२ मापात. खिडकीची कडी, गादीवरचा डाग, कॅलेंडरवरची तारीख, मृताच्या चेहऱ्याचा रंग, सगळं त्या मापात. पायमोजे तर त्यांनी टाचण्यांएवढ्या सुयांवर स्वतः विणले होते. उद्देश एकच, खुनाचा तपास करणाऱ्या पोलिसांना खोलीत शिरल्यावर बघायला शिकवणं. न्यू हॅम्पशायर राज्याच्या पोलिसांनी १९४३ मध्ये त्यांना कॅप्टनचा हुद्दा दिला. त्यांची अठरा मॉडेलं बाल्टिमोरला मेरीलँडच्या मुख्य वैद्यकीय तपासनिसाच्या कार्यालयात आहेत. कुणी खेळणी म्हणालं की मी हे सांगतो. पुढचा चहा साहेबांकडून आलेला आहे.

उलट माझं म्हणणं, छंद फार कळू देऊ नका, कारण कळला की काम वाढतं. एकदा विसर्जनाच्या बंदोबस्तासाठी मी फोमबोर्डवर मिरवणुकीच्या मार्गाचं मॉडेल केलं. घाट, अरुंद वळण, बॅरिकेड्स, मंडळं थांबायच्या जागा. आपण सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत मांडलेल्या नकाशावर, ब्रीफिंग घेतो त्याचीच जरा सुबक आवृत्ती. कागदी नकाशा बघून माना डोलावणारे लोक त्या वळणाशी बोट ठेवून विचारायला लागले की इथं रुग्णवाहिका वळणार कशी. ती खरंच वळत नव्हती, मार्ग बदलावा लागला. काम झालं, शाबासकी मिळाली. नंतर मात्र २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस रेझिंग डेचं प्रदर्शन आलं की दरवर्षी डिसेंबरात माझ्या नावानं वायरलेस. स्वतःचं मॉडेल त्या महिन्यात कधी पुढे सरकलं नाही.

आपल्या पेशाचा या छंदात एक तोटाही आहे. पुराव्याशिवाय पुढे जायचं नाही ही सवय. नगरला असताना तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो. सेंच्युरियन, विजयंता, पकडून आणलेले पॅटन, सगळे हात लावण्याइतके जवळ. सेंच्युरियनच्या बाजूच्या पेट्यांना बिजागऱ्या किती, कुठल्या बाजूला, हे वहीत उतरवत बसलो. त्या वहीची चाळीस पानं भरली आणि किट डब्यातच. शेवटी स्वतःलाच एक नियम घातला : नव्वद दिवस. गंभीर गुन्ह्यात त्या मुदतीत चार्जशीट गेली नाही तर अटकेतला आरोपी जामिनावर सुटू शकतो हे आपल्याला पाठ असतं, तसं नव्वद दिवसांत संदर्भ गोळा करणं थांबवून जोडणी सुरू झाली नाही तर ते किट दुसऱ्याला देऊन टाकायचं. दोन किटं अशी खरंच गेली. सेंच्युरियन वाचला, अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी.

बदल्यांचं. फौजदार ते निरीक्षक, ठाण्यात साधारण दोन वर्षं आणि जिल्ह्यात चार, असा कायद्यातला कार्यकाळ. प्रत्यक्षात त्याआधीही ऑर्डर येते आणि रिलीव्ह व्हायला चोवीस तास मिळतात. त्यामुळे मॉडेल पहिल्या दिवसापासून प्रवासाच्या तयारीनं करायचं. प्रत्येकाला लाकडी पाटाचा तुकडा, आणि मॉडेल खालून स्क्रूनं त्या पाटाला पक्कं. सनपॅकचा, म्हणजे पोकळ प्लॅस्टिक शीटचा, डबा करून पाट त्याच्या तळाला बसवायचा, वरचं मॉडेल कशालाही टेकता कामा नये. कापूस किंवा चिंध्या कोंबू नका, सगळे अँटेना त्यातच अडकून तुटतात. पीटो नळी (विमानाची वेग मोजायची नळी), अँटेना असले लांब भाग न चिकटवता नुसते भोकात खोचलेले ठेवावेत आणि निघताना काढून पिशवीत घालावेत. डबे लोखंडी ट्रंकेत, ट्रंक टेम्पोत सर्वांत शेवटी चढवायची आणि आधी उतरवायची. सामान चढवणाऱ्या पोरांना आत काचा आहेत सांगा. मॉडेल आहे म्हणाल तर उघडून बघतील.

कोकणात बदली झाली तर वेगळी काळजी. मी रत्नागिरीत तीन पावसाळे काढले. दमट हवेत लॅकर किंवा स्प्रेच्या डब्यातला रंग मारलात तर वाळताना हवेतलं पाणी धरून त्यावर दुधी साय येते. जून ते सप्टेंबर मी स्प्रे बंद ठेवायचो, फक्त घासकाम आणि ब्रश. डेकलांचे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात. तरीही एका पावसाळ्यात एक कागद पिवळा पडला, तो पुढे खिडकीच्या काचेला आतून चिकटवून महिनाभर उन्हात ठेवला तेव्हा बराचसा उजळला. पुण्याला गेलात की मात्र कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय बघून या. १/८७ मापाच्या गाड्या, सिग्नल, घाट, सगळं चालतं. मी ते प्रत्येक कोर्ट तारखेला बघितलंय.

आता माझ्या आवडीचं. तुम्ही विचारलेलं नाही, पण एक मॉडेल स्वतःच्या नोकरीतलं करा. माझ्या पहिल्या ठाण्याची जीप महिंद्राची सीजे-३बी होती. तिचं किट मला मिळालं नाही. मग दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं १/३५ चं किट घेतलं. दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, एकच, ८० इंच, म्हणजे या मापात ५८ मिलिमीटर. त्यामुळे चासी आणि चाकं तशीच चालली. बाकी सगळं बदलावं लागलं. सीजे-३बी चं बॉनेट उंच, कारण आतलं इंजिन उंच. ते स्टायरीनच्या पट्ट्या चढवून तीनेक मिलिमीटर वर घेतलं. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ फटी, हिच्या जाळीला सात, म्हणून जाळी नवी कापली. तीन बिघडल्या, चौथी बसली. स्टिअरिंग डावीकडचं उजवीकडे आणायचं म्हणजे डॅशबोर्ड उभा कापून फिरवावा लागला. बाजूला लटकवलेलं फावडं-कुऱ्हाड काढून त्यांची भोकं बुजवली. मागे फळी केली. एका जागी जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा वापरायला गेलो, तो पीव्हीसीचा निघाला, किटचं सिमेंट त्याला धरेना, तिथं फेव्हिक्विक. ताडपत्रीचं हूड टिश्यू पेपर पाण्यातल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून टाकलं, ओलं असतानाच सुरकुत्या पाडल्या. वायरलेसची अँटेना म्हणजे मेणबत्तीवर तापवून ओढलेला स्प्रूचा तुकडा. गरम स्प्रू हळू ओढला तर दोरा जाड येतो, झटक्यात ओढला तर केसासारखा.

रंगात सर्वांत जास्त वेळ गेला. गडद निळा बाटलीतून तसाच लावला तर एवढ्या लहान गाडीवर काळाच दिसतो, म्हणून थोडा पांढरा घालून उजळ घ्यायचा. शिवाय ती गाडी वर्षानुवर्षं ठाण्याच्या आवारात उन्हात उभी राहायची. बॉनेट पांढुरकं पडलेलं, ड्रायव्हरच्या दाराजवळ हात घासून घासून चकाकी आलेली, मागच्या चाकांवर लाल माती. मागच्या बाकाखाली मी तांब्याच्या तारेच्या लाठ्या ठेवल्यात, आठ. हूड लावल्यावर त्या दिसत नाहीत. नंबर प्लेट कोरी ठेवली आहे. नंबर मला पाठ आहे, पण गाडीवर घालावासा वाटला नाही. सगळी मिळून तीन वर्षं लागली आणि त्यातला कुठलाही दिवस सलग दोन तासांचा नव्हता.

राहिला विक्रीचा प्रश्न. मित्राच्या मुलाला वाढदिवसाला एखादं दिलंत तर कुणी विचारत नाही. पण ऑर्डर घेऊन, पैसे ठरवून, नियमित करून देणं हा व्यवसाय झाला, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे खासगी व्यवसायाला सरकारी नोकराला आधी परवानगी लागते. अधूनमधून कलेचं काम करण्याला नियमात सूट आहे, पण ती कुठं संपते आणि धंदा कुठं सुरू होतो हे तुम्ही ठरवायचं नाही, ते चौकशी अधिकारी ठरवतो. बायकोच्या नावावर करू म्हणाल तर तसं करणारा एक जण मला माहीत आहे, त्याची दोन वर्षं खुलासे लिहिण्यात गेली. आपल्या हद्दीतल्या व्यापाऱ्यानं, बिल्डरनं किंवा कुठल्याही गुन्ह्यातल्या पक्षकारानं ‘साहेब, एक आम्हाला पण करून द्या, पैशांचं बघू’ म्हटलं तर हात जोडायचे, मॉडेल कितीही साधं असलं तरी. खरंच विकायचं असेल तर वरिष्ठांमार्फत रीतसर अर्ज करा, पोहोच घेताना आवक क्रमांक घालून घ्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत कुणाकडून आगाऊ घेऊ नका. माझ्या अर्जाला सात महिने लागले होते. तोपर्यंत ज्यांनी मागितलं होतं ते विसरूनही गेले.